वत्सगुल्माचे सुदर्शन : जलाशय, राजोद्यान आणि वाघोरेकाठचा आराम

वाशिम हे नगर कोणत्याही मोठ्या नदीच्या काठी वसलेले नाही. तापीकडे जाणारे पाणी आणि गोदावरीकडे जाणारे पाणी ज्या पठारावर एकमेकांचा निरोप घेते, त्या पठारावर ते वसले आहे. काटेपूर्णा याच परिसरातील डोंगरांत उगम पावून उत्तरेस पूर्णेला मिळावयास जाते. दक्षिण उतारावरील ओढे पैनगंगेची वाट धरतात. अशा ठिकाणी पावसाचे पाणी थांबत नाही, त्यास थांबवावे लागते. वत्सगुल्ममाहात्म्यात या क्षेत्री १०८ तीर्थे असल्याचे सांगितले आहे, त्यांतील पुराणकथेचा भाग बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते : या गावाची ओळख कुंड, तळी आणि बारव यांनी घडविली आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागपूरकर भोसल्यांचे अधिकारी भवानी काळू यांनी बालाजी मंदिराबरोबर बांधविलेला चौकोनी, दगडी पायऱ्यांचा देवतलाव हा त्या परंपरेतील अलीकडचा दुवा होय.

आमच्या वाचकांस वाशिमचे प्राचीन नाव ठाऊक आहे. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेची राजधानी जे वत्सगुल्म, तेच हे वाशिम. याच शाखेच्या राज्यात, हरिषेण राजाच्या काळी, अजिंठ्याची महायान लेणी घडली. म्हणून वाशिमच्या इतिहासाविषयी बौद्ध वाचकांस वाटणारी आस्था स्वाभाविक आहे. परंतु या राजधानीतील राजप्रासाद कसे होते, त्यांची उद्याने कशी होती, पाण्याच्या काठी पायरीपायरीने उतरणाऱ्या ज्या बागांचे वर्णन संस्कृत वाङ्मयात पदोपदी येते तशा बागा येथे होत्या काय, या प्रश्नांकडे फारसे कोणी वळलेले नाही. प्रस्तुत लेखात आम्ही उपलब्ध साधनांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणार आहोत. उद्यानाचा इतिहास हा केवळ फुलाफळांचा इतिहास नसतो. पाणी कोणी अडविले, कोणासाठी अडविले आणि माती कोणी वाहिली, हे प्रश्न त्यात ओघानेच येतात.

प्रथम वाङ्मयीन साधने पाहू. वात्स्यायनाच्या कामसूत्रात अंतःपुरातील चालीरीती सांगताना वत्सगुल्माच्या लोकांचा उल्लेख आला आहे. त्यावरील जयमंगला टीकेत वत्स आणि गुल्म या दक्षिणापथातील दोन सख्ख्या राजपुत्रांवरून हे नाव पडल्याचे म्हटले आहे, तर स्थानिक माहात्म्य ते वत्स ऋषीकडे नेते. याच कामसूत्रात नागरकाचे घर पाण्याजवळ असावे, त्यास वृक्षवाटिका असावी, वाटिकेत दाट सावलीखाली झोपाळा आणि फुले पसरलेला ओटा असावा, असे सांगितले आहे. गृहिणीने वाटिकेत काय काय लावावे आणि मध्यभागी विहीर किंवा तळे कसे खणवावे, हेही त्यात आहे. उन्हाळ्यात बांधीव जलाशयांतील जलक्रीडेचाही उल्लेख येतो. चारशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, दहाव्या शतकाच्या आरंभी, राजशेखर काव्यमीमांसेत वत्सगुल्म नगरास कामदेवाचे क्रीडास्थान म्हणतो आणि काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह तेथेच लावून देतो. तेव्हा वाकाटक राज्य केव्हाच लयाला गेले होते. कवीच्या कानी जी कीर्ती आली ती त्याने गायिली. तिला पुरावा मानता येत नाही, तथापि विलासनगरी म्हणून वत्सगुल्माची ख्याती किती टिकून राहिली होती हे तिच्यावरून कळते.

या ख्यातीस एका शिलालेखाचे पाठबळ आहे, आणि तो शिलालेख एका बौद्ध विहारात आहे, ही लक्षात घेण्यासारखी बाब होय. अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने भिक्षुसंघास अर्पण केले. त्याच्या लेखात वाकाटक राजांची वंशावळ दिली आहे. हरिषेणाचा पिता देवसेन याच्याविषयी तेथे असे म्हटले आहे की, हस्तिभोज हा गुणी मंत्री लाभल्याने राजाने राज्याचा भार त्याच्यावर सोपविला आणि स्वतः सुखोपभोगात रमला. मंत्र्याच्या घराण्याने आपल्या पूर्वजाचा मोठेपणा सांगण्यासाठी ही ओळ लिहविली, हे उघड आहे. हस्तिभोज हा वराहदेवाचाच पूर्वज. मात्र त्या भरात राजाच्या स्वभावावरही प्रकाश पडला आहे. राजाचा उपभोग म्हणजे त्या काळी उद्यान, वापी, क्रीडाशैल आणि जलविहार. वत्सगुल्मातील राजोद्यानांची कल्पना करावयाची असेल तर ती या देवसेनाच्या भोवती करावी लागेल.

आणि नेमक्या याच देवसेनाच्या काळातील एक जलाशय वाशिमच्या परिसरात सापडला आहे.

वाशिमपासून काही कोसांवर हिस्से-बोराळा नावाचे खेडे आहे. तेथील शिलालेखात शक ३८० हा काल दिला आहे. इसवी सनाच्या गणनेने तो ४५८च्या सुमारास येतो. त्या काळी सप्तर्षी उत्तरा नक्षत्रात होते, असाही उल्लेख आहे. देवसेन राजाचा आज्ञाधारक अधिकारी स्वामिल्लदेव याने सुदर्शन नावाचा जलाशय करविला, हा लेखाचा विषय होय. लेख लहान आहे, त्यात कवित्व नाही. राजाची स्तुती नाही म्हटले तरी चालेल. तरीही वाकाटकांच्या इतिहासात या दगडाचे मोल फार मोठे आहे, कारण वाकाटक राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःच्या राज्यारोहणापासूनची वर्षे मोजत असत. वाशिम येथे १९३९ साली प्रकाशात आलेला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपटच घ्या. तो वत्सगुल्म येथून दिलेला आहे, त्याची वंशावळ संस्कृतात आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे, आणि त्यावर काल आहे तो राज्यवर्ष ३७. हे सदतिसावे वर्ष इसवी सनाचे कितवे, हे ताम्रपट सांगत नाही. हिस्से-बोराळ्याचा लेख मात्र शकवर्ष सांगतो. वत्सगुल्म शाखेच्या कालगणनेस जमिनीत रोवलेला खुंटा मिळाला तो येथे.

याचा परिणाम अजिंठ्यापर्यंत पोहोचतो. अजिंठ्याच्या महायान लेण्यांचा काल एकेकाळी सातव्या शतकापर्यंत ओढला जात असे. महामहोपाध्याय मिराशी यांनी हरिषेणाचा राज्यकाल इ. स. ४७५ ते ५०० असा अंदाजिला होता. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी अनेक दशके अजिंठ्यात काढून असे प्रतिपादन केले की, ही सर्व लेणी ४६० नंतरच्या अवघ्या वीस वर्षांच्या आतबाहेर खोदली गेली. त्यांच्या मताचा तपशील सर्वांस मान्य नाही, आणि आम्हांसही वर्षावर्षाचा त्यांचा हिशेब अतिरेकी वाटतो. परंतु ४५८ साली देवसेन गादीवर होता हे एकदा निश्चित झाल्यावर त्याच्या पुत्राच्या मंत्र्याने कोरविलेले लेणे सातव्या शतकात ढकलणे कोणासही शक्य राहिले नाही. एका खेड्यातील तळ्याच्या लेखाने पद्मपाणी आणि वज्रपाणी यांच्या चित्रांचा काल ठरविण्यास असा हातभार लावला आहे.

आता 'सुदर्शन' या नावाकडे वळू. हे नाव स्वामिल्लदेवास सहज सुचलेले नाही, असे आमचे मत आहे. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी याच नावाचा अतिप्राचीन जलाशय होता. त्याची कथा तेथील एकाच खडकावर तीन काळांच्या लेखांत वाचावयास मिळते. महाक्षत्रप रुद्रदामन् याच्या इ. स. १५०च्या सुमाराच्या लेखानुसार तो चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी वैश्य पुष्यगुप्त याने बांधविला आणि अशोकासाठी यवनराज तुषास्फ याने त्यास पाट काढून सुशोभित केला. वादळी पावसात बांध फुटल्यावर रुद्रदामनाने तो पुन्हा बांधविला. पुढे स्कंदगुप्ताच्या काळी, गुप्त संवत १३६ मध्ये म्हणजे इ. स. ४५५-५६ साली, तो पुन्हा फुटला आणि चक्रपालिताने पुढच्याच वर्षी दुरुस्त केला. या दुरुस्तीनंतर दोन-तीन वर्षांतच विदर्भातील एक अधिकारी आपल्या नव्या जलाशयास तेच नाव देतो. गिरनारच्या बांधाची वार्ता तेव्हा ताजी असणार, आणि ती वत्सगुल्मापर्यंत आली असणार.

ज्या खडकावर हे लेख आहेत, त्याच खडकावर सम्राट अशोकाचे चौदा शिलालेख कोरलेले आहेत. त्यांतील दुसऱ्या लेखात मनुष्यांसाठी आणि पशूंसाठी औषधी वनस्पती लावल्याचे, वाटेवर विहिरी खणविल्याचे आणि झाडे लावल्याचे सांगितले आहे. दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात वटवृक्ष, आम्रवाटिका, विहिरी, विश्रांतिस्थाने आणि पाणपोया यांचा उल्लेख आहे. राणी कारुवाकीच्या दानाची नोंद ठेवण्याची आज्ञा ज्या लेखात आहे, त्यातही आम्रवाटिका, आराम आणि दानगृह हे शब्द ओळीने येतात. राजाच्या विलासासाठीची बाग आणि वाटसरूच्या सावलीसाठीची बाग यांतील भेद अशोकाच्या लेखांत स्पष्ट दिसतो.

'आराम' हा शब्द येथे थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. आज आपण तो विसावा या अर्थी वापरतो. पाली वाङ्मयात तो बागेस लावला जातो, आणि बागेतील विहारासही. संघाराम या शब्दाची घडण तीच. विनयपिटकात मगधराज बिंबिसाराने वेळुवन दान दिल्याची कथा आहे. स्थान गावापासून फार दूर नको आणि फार जवळही नको, लोकांस ये-जा सोयीची असावी, दिवसा गर्दी आणि रात्री गलबला नसावा, असा विचार करून राजाने आपले उद्यान संघास दिले. अनाथपिंडिकाने जेतवन विकत घेतले तेव्हा भूमीवर नाणी पसरली होती. भारहुतच्या शिल्पात बैलगाडीतून उतरविलेली चौकोनी नाणी, बागेतील वृक्ष आणि कुट्या हे सर्व कोरलेले आहे. संयुत्तनिकायातील वनरोप सुत्तात बागा व वने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोया व विहिरी देणारे यांचे पुण्य दिवसरात्र वाढते असे भगवान बुद्ध सांगतात. राजोद्यानाचे संघारामात रूपांतर होणे ही बौद्ध इतिहासातील आद्य घटनांपैकी एक होय. ज्या जागी केवळ राजा आणि त्याचा परिवार जाऊ शकत होता, त्या जागी धम्मश्रवणासाठी कोणीही येऊ लागले.

हा बदल वाकाटकांच्या राज्यात कोठे दिसतो, असे कोणी विचारील तर आम्ही वाघोरेकडे बोट दाखवू. वाघोरा नदी सात कुंडांतून उड्या घेत ज्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या दरीत उतरते, त्या दरीच्या कड्यात अजिंठ्याची लेणी आहेत. आज आपण ज्या एकसलग वाटेने एका लेण्यातून दुसऱ्यात जातो ती वाट आधुनिक आहे. पूर्वी लेण्यालेण्यातून स्वतंत्र पायऱ्या खाली नदीच्या पात्राकडे उतरत असत. १६ क्रमांकाच्या लेण्याकडे चढणारा जिना अद्याप पाहावयास मिळतो : दाराशी दोन हत्ती, वर वळणावर आसनस्थ नागराज, आणि त्यानंतर विहाराचे प्रांगण. वराहदेवाच्या लेखात विहाराबरोबर विपुल पाण्याचे टाके आणि नागाचे मंदिर यांचाही उल्लेख आहे. नदी, पायऱ्या, नाग, टाके, प्रांगण आणि शेवटी गर्भगृहातील बुद्ध असा हा चढता क्रम आखून केलेला आहे. नदीकाठी टप्प्याटप्प्याने रचलेले जे उद्यान वाङ्मयात राजासाठी वर्णिले जाते, त्याचीच मांडणी येथे कातळात झाली आहे. पुढे नदीच्या पलीकडच्या काठावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात विटांच्या विहाराचे अवशेषही मिळाले. दरी केवळ लेण्यांची नव्हती, दोन्ही काठ नांदते होते.

भिंतींवरील चित्रांतही बागा आहेत. दुसऱ्या लेण्यात लुंबिनीवनातील जन्माचा प्रसंग आहे. पहिल्या लेण्यात महाजनक जातक चितारले आहे. त्या जातककथेत राजा आपल्या उद्यानात दोन आम्रवृक्ष पाहतो. एकास फळे आहेत, राजाने त्यातील एक चाखताच परिवारातील सर्वांनी ते झाड ओरबाडून, फांद्या मोडून टाकले. दुसऱ्यास फळेच नाहीत म्हणून ते हिरवेगार उभे आहे. राजाच्या मनात गृहत्यागाचा विचार येथून बळावतो. सुखोपभोगात रमणाऱ्या देवसेनाच्या पुत्राच्या राज्यात हे जातक रंगविले गेले, याची आठवण आम्हांस त्या चित्रासमोर उभे राहिल्यावर नेहमी होते.

याच सुमारास सिंहलद्वीपात काय चालले होते ते पाहणे उद्बोधक ठरेल. तेथे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात धातुसेन राजाने काळवेव हा प्रचंड जलाशय बांधविला. त्याचा पुत्र कश्यप याने पित्याकडे संपत्तीची मागणी केली, तेव्हा धातुसेनाने त्या जलाशयाचे पाणी हाती घेऊन हीच माझी सर्व संपत्ती असे सांगितले, आणि पुढे पुत्राने पित्याचा वध करविला, ही कथा चूळवंसात आहे. या कश्यपाने इ. स. ४७७ ते ४९५ या काळात सिगिरियाच्या खडकावर आपली राजधानी वसविली. खडकाच्या पश्चिमेस आखीव जलोद्याने, त्यानंतर शिळांमधील बागा आणि मग खडकाच्या पायथ्याशी टप्प्याटप्प्यांच्या बागा, अशी तेथील रचना उत्खननांतून उघड झाली आहे. तेथील कारंजी पावसाळ्यात आजही उडतात. दक्षिण आशियातील आखीव राजोद्यानाचा याहून पूर्ण पुरावा त्या काळातला दुसरा नाही. वत्सगुल्मातील राजोद्यान कसे असू शकेल याची कल्पना करावयास तो उपयोगी पडतो. कश्यपाचा पराभव झाल्यावर मोग्गलान राजाने ते स्थान भिक्षुसंघास दिले. वेळुवनापासून सुरू झालेली रीत तेथेही दिसते.

आतापर्यंत आम्ही राजे, मंत्री आणि अधिकारी यांची नावे घेतली. हिस्से-बोराळ्याच्या बांधावर माती टाकणाऱ्यांचे काय? रुद्रदामन् आपल्या लेखात अभिमानाने सांगतो की, नगरातील व जनपदातील लोकांवर कर, वेठ किंवा सक्तीच्या देणग्या यांचा भार न घालता त्याने स्वतःच्या कोशातून बांध पुरा केला. जी गोष्ट मुद्दाम सांगावी लागते ती एरवी घडत नसते. वाकाटकांच्या दानपत्रांत याचा दुसरा पुरावा आहे. प्रवरसेन दुसरा याने अचलपूरजवळील चम्मक येथील ताम्रपटाने एक गाव एक हजार ब्राह्मणांस दिले, त्या गावास मिळालेल्या सवलतींत सर्व प्रकारच्या विष्टीतून म्हणजे वेठबिगारीतून सूट ही एक आहे. दान दिलेल्या गावास सूट होती, याचाच अर्थ दान न दिलेल्या गावांवर ती वेठ होती. विदर्भातील पाचव्या शतकाच्या मध्यातले धरण याच श्रमातून उभे राहिले असावे, हे अनुमान आम्हांस टाळता येत नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, तेव्हा ज्या वेठीवर त्यांनी घाव घातला तिचा विष्टी हा शब्द पूर्वज आहे. आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला गेला होता. तळे खणताना ज्यांचे हात चालतात त्यांनाच पुढे त्या तळ्याचे पाणी चालत नाही, हा व्यवहार कोणत्या शतकात सुरू झाला याचा शोध इतिहासकारांनी घ्यावयास हवा. तो शोध लेण्यांच्या सौंदर्यवर्णनाइतका मनोहर नाही, म्हणूनही तो मागे पडला असेल.

संघाच्या बाजूसही हा प्रश्न विचारला पाहिजे, नाहीतर आम्ही पक्षपाती ठरू. विनयपिटकात बिंबिसाराने पिलिंदवच्छ स्थविरांस पाचशे आरामिक म्हणजे विहाराच्या बागेची व वास्तूची कामे करणारे लोक दिल्याची कथा आहे, आणि त्यांचे एक स्वतंत्र गावच वसल्याचे सांगितले आहे. आराम राखावयास माणसे लागत. ती कोणत्या स्थितीत राहत होती, हे तपासताना बौद्ध म्हणून आम्ही डोळे झाकून घेऊ नयेत. त्याचप्रमाणे हिस्से-बोराळ्याचा सुदर्शन जलाशय हे बौद्ध स्थान होते असा दावाही आम्ही करीत नाही. वत्सगुल्माचे राजे वैदिक यज्ञांचा अभिमान मिरविणारे होते. विंध्यशक्तीचा ताम्रपट अथर्ववेदी ब्राह्मणांस गाव देण्यासाठीच कोरला गेला. जेथे जुनी वीट दिसेल तेथे स्तूप शोधण्याची घाई आमच्यातील काही उत्साही मंडळी करतात. तिने आपली बाजू बळकट होत नाही, उलट जेथे खरोखर स्तूप आहे तेथील आपल्या शब्दाचे वजन कमी होते.

आणि खरोखरचे स्तूप विदर्भात आहेत. बुलडाणा जिल्ह्यात पूर्णेच्या काठी भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांचा स्तूप, मातीच्या कड्यांच्या विहिरी आणि पाटबंधाऱ्याची विटांची रचना उघड झाली. नदीकाठच्या बौद्ध वसाहतीत पाणी कसे वागविले जाई, याचा हा हिस्से-बोराळ्याच्याही कित्येक शतके आधीचा पुरावा होय. हे स्थळ जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. धरण हवेच आहे. त्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात गोड्या पाण्यासाठी माणसे तळमळतात, त्यांच्या विरोधात उभे राहणे आम्हांस मान्य नाही. मात्र पाणी चढण्यापूर्वी तेथील प्रत्येक विटेचे मोजमाप, आलेखन आणि शक्य ते स्थलांतर झाले पाहिजे, आणि तशी मागणी विहाराविहारांतून लेखी गेली पाहिजे. वाशिम जिल्ह्यातील वाचकांस आमची आणखी एक विनंती आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. त्याच्या स्वतंत्र इतिहासाचे काम अजून तरुणांच्या हातांची वाट पाहत आहे. हिस्से-बोराळ्याच्या परिसरात जाऊन ओढ्यांची दिशा, बांधाची रेषा आणि शेतांतून निघणाऱ्या विटांची लांबीरुंदी एवढे जरी कोणी टिपून ठेवले तरी ते मोलाचे ठरेल. पावसाळ्याआधी जावे, नांगरट झाल्यावर जमीन उघडी असते. वाशिमच्या पठारावरून काटेपूर्णेत उतरलेले पाणी अकोला जिल्ह्यात पूर्णेला मिळते आणि पुढे पश्चिमेस भोनच्या काठानेच वाहत जाते.